पुण्यात दगडी भिंतीवर सीडम टिकेल का? आणि रानफुलांचं काय करू?

भिंतीवरची_बाग (पुणे)

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही नुकतेच सिंहगड रोडच्या पुढे रो हाऊसमध्ये राहायला आलोय. मागच्या बाजूला मातीची चिंचोळी पट्टी आहे आणि तिला लागून काळ्या दगडाची रचलेली भिंत, कमरेएवढी, मध्ये सिमेंट नाही त्यामुळे दगडांत फटी आहेत आणि त्यात आपोआप गवत नि केना उगवतो. माझ्या डोक्यात केव्हापासून आहे की या भिंतीवर सीडम सोडायचं, म्हणजे ते बारीक मांसल पानांचं, लोळत पसरणारं, पिवळी पाच पाकळ्यांची फुलं येणारं. व्हिडिओत बघते तर अख्ख्या भिंती त्याने मढलेल्या असतात, इतकं सुंदर दिसतं ना!

शिवाय गच्चीवर एचेवेरिया, जेड, हॉवर्थिया अशा सक्युलंटच्या, म्हणजे मांसल पानांच्या झाडांच्या, कुंड्या करायच्यात. आणि तिसरी हौस रानफुलांची. कासला जाऊन आल्यापासून मनातून जातच नाही, पट्टीत तसलं काहीतरी उगवावं असं फार वाटतं.

तर प्रश्न असे की सीडमपैकी पुण्यात कुठलं टिकेल आणि पावसाळ्यात त्याचं काय करायचं? पाण्याचं एका नर्सरीत सांगतात रोज थोडं थोडं द्या, दुसरीकडे सांगतात महिन्यातून एकदा बास, मग कुणाचं ऐकायचं? आणि कासची फुलं घरी होतात का, बी मिळतं का कुठे?

भिंतीवर दुपारी एकपासून मावळेपर्यंत कडक ऊन असतं. मे चालू आहे, पाऊस यायच्या आधी जे करायचं ते करून घेऊ म्हणून आत्ताच विचारतेय.

कुंडीवाला_नाशिक

ताई, आधी पाण्याचं सांगतो कारण सक्युलंट बहुतेक तिथेच मरतात. रोज थोडं थोडं हे या झाडांना सगळ्यात वाईट. वरची माती ओली राहते, खाली मुळांपर्यंत पाणी धड पोचत नाही आणि खोडाचा जमिनीलगतचा भाग कायम दमट, तिथूनच सड लागते. महिन्यातून एकदा हेही खरं नाही, मे महिन्यात नाशकातल्या गच्चीवर छोट्या कुंडीला महिनाभर पाणी नाही दिलं तर ती जळूनच जाईल. दिवस मोजूच नका. बांबूची बारीक काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून ठेवा, काढून बघा, कोरडी ठक्क निघाली आणि खालची पानं किंचित सुरकुतली की भरपूर पाणी द्या, तळातून वाहून जाईपर्यंत, आणि मग परत काडी कोरडी होईपर्यंत हात लावू नका. कुंडी उचलून वजनावरूनही कळायला लागतं थोड्या दिवसांनी.

माती. आपली काळी माती चुकूनही नको, ती पाणी धरून बसते आणि वाळली की आवळून मुळं तोडते. मी एक भाग लाल माती किंवा पोयटा, दोन भाग विटांचे तुकडे हरभऱ्याएवढे फोडून चाळलेले, एक भाग जाड वाळू, नदीची नसेल तर क्रश सँड चालते पण तिची पांढरी भुकटी धुऊन काढायची नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. वर मूठभर जुनं गांडूळखत, जास्त नाही, खत जास्त झालं की पानं फोपशी होतात आणि मग पिठ्या ढेकूण ही कीड आलीच. नर्सरीतून आणलेलं झाड बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं. तो गड्डा तसाच नव्या मातीत बसवला तर बाहेरची माती वाळते आणि मधला गोळा ओला राहतो, म्हणून मुळांभोवतीचं कोकोपीट हाताने हलकं झटकून काढायचं, चार मुळं तुटली तरी हरकत नाही, दोन-तीन दिवस सावलीत तसंच उघडं ठेवायचं आणि मग कोरड्या मातीत लावायचं. पाणी त्यानंतर आठवड्याने.

आता पाऊस. ही झाडं दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात म्हणून पाणी कमी उडतं. या पद्धतीचं शास्त्रातलं नावच क्रॅसुलेसियन ॲसिड मेटाबॉलिझम असं आहे, ते यांच्याच कुळावरून पडलंय, सीडम, एचेवेरिया, जेड, पानफुटी सगळी क्रॅसुलेसी कुळातली. रात्र गार असली की त्यांचं हे काम झकास चालतं म्हणून आपल्याकडे यांचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर फक्त जगवायचं. वरून पारदर्शक पत्रा, चारी बाजू मोकळ्या, वारा खेळता पाहिजे. नुसती हिरवी जाळी लावून उपयोग नाही, ती ऊन अडवते, पाऊस नाही.

सड लागली तर ओळखायचं कसं, तर एचेवेरियाची खालची पानं आधी पिवळट पारदर्शक होतात, काचेसारखी, आणि बोट लावलं की गळून पडतात. वाळलेलं तपकिरी कागदासारखं पान वेगळं, ते नैसर्गिक आहे, घाबरायचं नाही. काचेसारखं पान दिसलं तर लगेच झाड उपटा, खोड कापून बघा. मधोमध तपकिरी ठिपका दिसतोय तोवर अर्धा अर्धा सेंटिमीटर वर कापत जा, दर वेळी ब्लेड स्पिरिटने पुसून. जिथे काप पूर्ण हिरवा-पांढरा दिसतो तिथे थांबा. तो शेंडा सावलीत चार-पाच दिवस उघडा ठेवा, कापलेली जागा सुकून कडक झाली पाहिजे, मग कोरड्या वाळूवर नुसता टेकवून ठेवायचा. मुळं स्वतः येतात, पाण्याची घाई करू नका.

मिशिगनकर

सीडमबद्दल मी लिहितो, मी मूळचा पुण्याचाच पण गेली बरीच वर्षं डेट्रॉइटच्या जवळ राहतो आणि इथे सीडम अक्षरशः दगडावर वाढतं. तुम्ही व्हिडिओत जे बघता ते बहुतेक सीडम ॲकर किंवा सीडम स्प्युरियम असणार, आणि ते व्हिडिओ इकडचे नाहीतर युरोपातले. इथे डिअरबॉर्नला फोर्डचा ट्रकचा कारखाना आहे, त्याच्या छपरावर साधारण दहा एकरांत सीडम लावलेलं आहे, 2003 च्या सुमारापासून. माती म्हणाल तर जेमतेम काही इंच हलक्या खड्यांचं मिश्रण. उन्हात टिकतं, पावसाचं पाणी शोषून घेतं, छप्पर गार राहतं, म्हणून जर्मनीत तर अशी छपरं कितीतरी आधीपासून आहेत.

पण ताई, ही जी सीडमं आहेत ना त्यांना हिवाळा लागतो, खराखुरा, बर्फाचा. हिवाळाभर कडक थंडीत झोपून ती मार्च-एप्रिलमध्ये कोंब काढतात. पुण्यात ती आणली तर पहिल्या हिवाळ्यात छान दिसतील, एप्रिलमध्ये मलूल होतील आणि जुलैच्या दमट उकाड्यात विरघळतील. ऑटम जॉय नावाचं उंच सीडम आहे, सप्टेंबरमध्ये त्याच्या गुलाबी तुऱ्यांवर मधमाश्या नुसत्या तुटून पडतात, मला अतिशय प्रिय, पण तेही याच कारणाने तुम्हाला सुचवणार नाही. ऑनलाइन बियांच्या पाकिटांवर पैसे घालवू नका, सीडमचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि पाकिटात काय आहे हे उगवेपर्यंत कळत नाही.

याच्या उलट काही सीडमं मेक्सिकोची आहेत, त्यांना थंडी अजिबात सोसत नाही, मला इथे ती खिडकीत घरात ठेवावी लागतात. त्यांचा तुमच्याकडे निभाव लागेल. बरो टेल म्हणजे सीडम मोर्गानियानम, लांब शेपट्या लोंबतात, ते टांगत्या कुंडीत, सकाळचं ऊन. जेली बीन म्हणजे सीडम रुब्रोटिंक्टम, पानं शेंगदाण्याएवढी, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नि उन्हात टोकं लालभडक होतात. दोन्हींची पानं हात लागला की गळतात, गळलेलं प्रत्येक पान मातीवर ठेवून द्या, देठाच्या जागेतून नवं रोप येतं. पण भिंतीवर, उघड्या पावसात? तिथे नको. कुंडीत ठेवा आणि नाशिककरदादांनी सांगितलंय तसं आडोशाला घ्या.

सड्यावरून (रत्नागिरी)

भिंत बघून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय. मिशिगनचे दादा जे छपराचं सांगतायत ना, काही इंच माती, खाली दगड, वरून ऊन-पाऊस, ते आमच्या दाराबाहेर आहे. आमच्याकडे सडा म्हणतात त्याला, जांभ्याचं उघडं पठार. मे महिन्यात चप्पल काढून उभं राहता येत नाही इतकं तापतं आणि काळंकुळकुळीत, एक हिरवी काडी नाही. पाऊस पडला की पंधरवड्यात हिरवं आणि ऑगस्टमध्ये निळं, पिवळं, पांढरं. कासचं पठारही वरून जांभ्याचंच आहे, फक्त उंची बाराशे मीटरच्या आसपास म्हणून धुकं आणि गारवा जास्त. मग भिंतीसाठी परदेशातलं सीडम कशाला शोधायचं, दगडावर जगणारी आपली झाडं हजारो वर्षं हेच करतायत.

पण कासचं सगळं घरी होत नाही आणि त्याची कारणं आहेत. सीतेची आसवं, ती निळी-जांभळी इवली फुलं, ती कीटकभक्षी. सड्यावरच्या झिरपत्या पाण्यात वाढतात, त्या मातीत पोषण जवळजवळ नाहीच म्हणून मुळांसारख्या दिसणाऱ्या धाग्यांवरच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडतात. कुंडीत घालून नळाचं पाणी आणि शेणखत दिलंत तर मेलीच समजा. गेंदाची पांढरी फुलंही घरी होत नाहीत, त्यांना सतत वाहतं ओलं लागतं. जमिनीवरच्या आमऱ्यांचं म्हणजे ऑर्किडचं बी तर मातीतल्या ठरावीक बुरशीशिवाय रुजतच नाही, कंद उकरून नेला की एखादा हंगाम फुलतो आणि संपतो. आणि कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, तिथलं फूल, कंद, मूठभर मातीसुद्धा उचलायची नाही. मला हे मनापासून सांगायचंय, दर वर्षी लोक पिशवीत कंद घालून नेताना बघते आणि जीव तुटतो.

आता काय होतं ते सांगते. तेरडा! रस्त्याच्या कडेला, पडक्या गडग्यावर म्हणजे दगडी कुंपणावर, कुठेही. गौरीला आमच्याकडे तेरड्याचीच रोपं मुळासकट आणतात, त्यामुळे कोणाला वेगळं सांगायला लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोंडं फुगून फिकट हिरवी झाली की मुठीत धरून दाबायचं, बोंड मुठीतच फुटतं आणि बी तळहातावर येतं, नुसत्या चिमटीत धरलं तर बी उडून जातं सगळं. कागदाच्या पुडीत ठेवायचं, प्लास्टिकमध्ये नाही. मेच्या शेवटी पट्टीत विस्कटून वर मातीचा पातळ थर. सोनकीही करून बघा, पिवळी, तिचं बी कापसासारख्या तंतूंना चिकटलेलं असतं, ते मातीत पुरायचं नाही, वर नुसतं दाबायचं. केना आपोआप येतोय म्हणालात, त्याला राहू दे, निळं फूल सकाळी काय गोड दिसतं, आणि कोवळ्या पानांची भजी करतात.

पट्टीत खत घालू नका. खत घातलं की गवत माजतं आणि रानफुलं दबतात. उलट वरची चांगली माती थोडी काढून मुरूम मिसळा. आणि ऑक्टोबरनंतर सगळं वाळून काटक्या होतील, ते साफ करायची घाई नको, बी खाली पडू दे, मग उपटा. पाहुणे विचारतील बाग का वाळवलीत म्हणून, विचारू दे.

भिंतीवरची_बाग (पुणे)

बाप रे, किती सविस्तर! सगळ्यांचे खूप खूप आभार. सीडमच्या भिंतीचं स्वप्न सोडायला थोडं जड जातंय पण कारण पटलं. मग या उन्हातल्या भिंतीच्या फटींत नक्की काय लावू? आणि फटीत लावायचं तरी कसं, माती टिकतच नाही, पहिल्या सरीत वाहून जाईल. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, सगळं तोंडात घालतो, त्या दृष्टीनेही सांगा.

जुन्नरकर_गडवाट

काळ्या दगडाच्या फटी म्हटलं की मला आमचा शिवनेरी आठवतो. तिथल्या कड्यावर शिंदळ माकुडी आहे, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून. ही आपली स्वतःची सक्युलंट, फक्त महाराष्ट्रात सापडते, तीही मोजक्या किल्ल्यांच्या आणि डोंगरांच्या उभ्या कड्यांवर. खोड मांसल, बोटाएवढं जाड, उन्हाळ्यात पानं गाळून नुसतं काड्यांचं लोंबत असतं, पावसात पानं फुटतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला चांदणीच्या आकाराचं गडद किरमिजी फूल, त्यावर पिवळे ठिपके. जवळून बघितलंत तर पाकळीच्या कडेला बारीक लव दिसते. तुमच्यासाठी म्हणून सांगत नाहीये हो, ती दुर्मिळ आहे आणि कड्यावरून काडी तोडून आणणं म्हणजे पापच. काही वनस्पती उद्यानांत काडीपासून रोपं तयार केलेली आहेत, तिथे जाऊन बघा जरूर. कोणी विकत देत असेल तर कुठून आणलं ते विचारा, आणि डोंगरावरून म्हणाला तर घेऊ नका.

तुमच्या भिंतीसाठी माझं मत असं. सगळ्यात वर, उन्हात, चिनी गुलाब, ज्याला ऑफिस टाइम म्हणतात. मांसल बारीक पानं, लोळत पसरतो, सीडमच्या सगळ्यात जवळ दिसणारा तोच, आणि पुण्याचं ऊन त्याला आवडतं. ऊन चढलं की फुलतो, दुपार कलली की मिटतो. वीतभर काड्या तोडून नुसत्या खोचा, रुजतात. मोठ्या पावसात काही काड्या सडतील म्हणून दोन-चार काड्या कुंडीत आडोशाला राखून ठेवा, ऑक्टोबरमध्ये परत भिंतीत खोचता येतील. त्याची गावरान बहीण म्हणजे घोळ, तीही फटीत मस्त येते आणि भाजी होते, मुलाने तोंडात घातली तरी काही बिघडत नाही. खालच्या, जरा सावलीच्या फटींत मयूरशिखा, हे छोटं नेचं जुन्या भिंतीत दिसतं, पंख्यासारखी पानं. उन्हाळ्यात आक्रसून वाळतं, मेलं असं वाटतं, आणि पहिल्या पावसात परत उलगडतं. ओळखीच्या कुणाच्या जुन्या वाड्याची भिंत पाडत असतील तर विचारून आणा.

फटीत लावायची पद्धत: लाल माती, शेण आणि नारळाच्या काथ्याचे बारीक तुकडे मळून लाडूएवढे गोळे करायचे, गोळ्यात मुळं किंवा काडी ठेवून फटीत आतपर्यंत दाबायचं. बाहेर दगडाची छोटी चिप मारून बंद करायचं, फक्त शेंडा बाहेर. काथ्यामुळे माती वाहत नाही. दगडाचा उतार आत असेल अशी फट निवडा म्हणजे पाणी आत जाईल. आणि पिंपळ, वड, उंबर यांचं रोप फटीत दिसलं की दोन पानांवर असतानाच उपटा, दया नको, नाहीतर मूळ भिंत फोडतं.

सड्यावरून (रत्नागिरी)

मुलासाठी एवढं लक्षात ठेवा ताई. कळलावी लावू नका, फूल कितीही देखणं असलं तरी, सगळं झाड विषारी आणि कंद सगळ्यात जास्त. रुई, हळदीकुंकू यांचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, फुलपाखरांसाठी हळदीकुंकू लावतात, बिबळ्या कडवा त्यावर अंडी घालतो, पण मुलगा मोठा झाला की लावा. निवडुंगाच्या जातीतल्या ज्यांना पांढरा चीक येतो त्याही नकोत. पानफुटी बरेच जण मुतखड्यावर म्हणून घरी लावतात, पण ती पोटात गेली तर हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत तिच्यात, गुरांना विषबाधा होते, म्हणून उंच कुंडीत ठेवा. शिवाय ती भिंतीत सोडली तर पानाच्या कडेला येणारी पिल्लं सगळीकडे पडतात आणि बाकी कशाला जागा उरत नाही.

कुंडीवाला_नाशिक

एक राहिलं. जेड म्हणून नर्सरीत बऱ्याचदा पोर्टुलाकेरिया देतात, पानं छोटी, खोड लालसर तपकिरी. ते घ्याच ताई, खऱ्या जेडपेक्षा ते आपल्या हवेला जास्त काटक आहे, ऊनही खूप सोसतं. हॉवर्थिया मात्र पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका, पानं विटकरी होतील, त्याला खिडकीतला उजेड पुरतो. आणि मेमध्ये नवी एचेवेरिया अजिबात विकत घेऊ नका. आत्ता पत्र्याची सोय करा, मातीचं मिश्रण करून पोत्यात भरून ठेवा, झाडं दसऱ्यानंतर आणा, तोवर नर्सरीतही नवा माल आलेला असतो.

भिंतीवरची_बाग (पुणे)

ठरलं मग, भिंतीत चिनी गुलाब नि घोळ, कुंड्या दसऱ्यानंतर, पट्टीत तेरडा. फक्त तेरड्याचं बी आत्ता मेमध्ये कुठून आणू? सप्टेंबरपर्यंत थांबायचं म्हणजे हे वर्ष गेलंच.

सड्यावरून (रत्नागिरी)

नाही गेलं. जूनच्या शेवटी तुमच्याच रस्त्याने खडकवासल्याकडे फिरायला गेलात की कडेला तेरड्याची दाट रोपं दिसतील, चार-सहा पानांची, कातरलेल्या कडांची पानं आणि पाणीदार गुलाबीसर खोड. कोणाच्या शेताच्या बांधावर असतील तर विचारून घ्या, जंगल खात्याच्या हद्दीतली नकोत. खूप दाट असतील तिथून अधूनमधून विरळणी केल्यासारखी काढा, मातीच्या ढेकळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि त्याच संध्याकाळी पाऊस चालू असताना लावा, वीतभर अंतराने. खोड नाजूक असतं, ढेकळाला धरायचं, खोडाला नाही. दोन दिवस माना टाकतील, मग उभी राहतील.